गाणगापूरचा मुलगा, हैदराबादचा स्वामी

स्वामी रामानंद तीर्थ म्हटलं की बहुतेकांना नांदेडचं विद्यापीठ आठवतं. आमच्या बीदर-कलबुर्गीकडे १७ सप्टेंबरचं झेंडावंदन आठवतं. मला मात्र त्यांच्या आयुष्यातली एक वेगळीच गोष्ट जवळची वाटते. या माणसाने मोठं शहर सोडून खेडं धरलं आणि काही वर्षांनी तो पुन्हा मोठ्या शहरात गेला.

त्यांचं मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर, जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा. बालपण गेलं गाणगापुरात, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात. भीमा-अमरजेचा संगम, दत्ताचं देऊळ, कानडी आणि मराठी दोन्ही बोलणारी माणसं. आमच्या सीमाभागातल्या कुठल्याही घराला हे वातावरण ओळखीचं वाटेल. शाळेसाठी ते सोलापूरला गेले. १९२० मध्ये लोकमान्य टिळक गेले, तेव्हा या सोळा वर्षांच्या मुलाने लग्न न करता देशाचं काम करायचं ठरवलं. पुढे पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिक्षण झालं, मग कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम. मुंबई, दिल्ली, कामगारांचे प्रश्न, कायदेमंडळ हे सगळं त्यांनी जवळून पाहिलं.

मग प्रकृती ढासळली आणि १९२९ च्या सुमारास ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. धाराशिव जिल्ह्यातलं हे एक खेडं, तेव्हा निजामाच्या राज्यातलं. दिल्ली पाहिलेला माणूस तिथे पोरांना शिकवत राहिला. १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईला आले आणि तिथे योगेश्वरी शाळेचं काम उभं राहिलं. संन्यासी, शाळा आणि गाव. आयुष्य असंच पार पडेल असं कुणालाही वाटलं असतं.

पण १९३८ मध्ये ते अंबाजोगाई सोडून हैदराबादला गेले. संस्थानात नागरी हक्क नव्हते, आणि जिथून राज्य चालतं तिथे गेल्याशिवाय ते मिळणार नव्हते. स्टेट काँग्रेसवर तर ती नीट उभी राहण्याआधीच बंदी आली. त्याच वर्षी सत्याग्रह झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. पुढची दहा वर्षं अशीच गेली. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी हैदराबादेत त्यांना अटक झाली. संस्थान मुक्त झालं ते थेट सप्टेंबर १९४८ मध्ये.

इथे मला माझं थोडं सांगायचंय. माझं घर भालकी तालुक्यात. पदवीनंतर वर्षभर मी गावीच होतो. संध्याकाळी आठ-दहा पोरं मराठी वाचायला घरी यायची. त्यांच्या शाळा कानडी नाहीतर इंग्रजी, मराठी फक्त घरात बोलण्यापुरती. यंदा एम.ए.साठी पुन्हा मुंबईला यायचं ठरवलं तेव्हा ही पोरंच डोळ्यांसमोर येत होती. आज्जीने जाऊ नको असं एकदाही म्हटलं नाही, त्यामुळे तर जास्तच जड गेलं.

स्वामीजींनी राज्य बदलायला शहर गाठलं, मी पदवी आणि पुढे नोकरी मिळवायला. दोन्हींची बरोबरी होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी त्यांच्या जाण्यातून एक गोष्ट मी घेतली. ते शाळा वाऱ्यावर सोडून गेले नाहीत. ती सहकाऱ्यांच्या हाती राहिली आणि योगेश्वरी संस्था आजही चालू आहे. आपण गेल्यावर मागचं काम कोण बघणार, याचं उत्तर असेल तर जाणं म्हणजे पळणं होत नाही. मी चुलत बहिणीला विचारलं. आता ती पोरं तिच्याकडे जातात. पहिल्या आठवड्यातच तिने फोनवर माझ्या शिकवण्यातल्या चार उणिवा सांगितल्या!

स्वामीजींचं गावाशी नातंही तुटलं नाही. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत ते गुलबर्ग्याचे खासदार होते, म्हणजे बालपणीच्या मुलखाचेच प्रतिनिधी. भाषावार राज्यांचा त्यांनी आग्रह धरला आणि १९५६ मध्ये संस्थानाचे तीन वाटे झाले. गाणगापूर म्हैसूर राज्यात गेलं, अंबाजोगाई मुंबई राज्यात, हैदराबाद आंध्रात. आमच्या बीदर जिल्ह्याचेही तुकडे झाले: उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडे गेले, भालकी अलीकडे राहिली. ज्याचं बालपण, शाळा आणि कर्मभूमी तीन राज्यांत वाटली गेली, त्याने स्वतःचं गाव कुठलं म्हणायचं?

ते हैदराबादेतच राहिले. २२ जानेवारी १९७२ ला तिथेच गेले. बेगमपेठेत त्यांचं स्मारक आहे. पण गाणगापूर, हिप्परगा, अंबाजोगाई, यातलं कुठलंही गाव त्यांना परकं मानत नाही. शहरात जाऊनही माणूस गावाचा राहू शकतो, फक्त त्यासाठी मागे काहीतरी चालू ठेवावं लागतं. माझ्यापुरतं ते आठ-दहा पोरांचं वाचन आहे. दिवाळीला गेलो की त्यांची परीक्षा घेणार आहे. बहीण म्हणते, आधी तुझी घेऊ.