कवी विल्यम कूपर आणि त्याचे तीन ससे

इंग्लंडच्या बकिंगहॅमशायरमधले ऑल्नी हे लेस विणणाऱ्या कारागिरांचे छोटे गाव. १७७४ साली तिथे एका घरातल्या मुलांना रानसशाचे पिल्लू मिळाले. तीनेक महिन्यांचे असेल. मुलांनी काही दिवस ते हौसेने खेळवले, मग त्यांना कंटाळा आला. खाण्यापिण्याकडे कुणाचे लक्ष नाही, वर छळ. पिल्लू दिवसेंदिवस वाळू लागले. मुलांच्या वडिलांनी ते शेजारच्या एका आजारी गृहस्थाला देऊ केले आणि त्याने ते घेतले.

हा गृहस्थ म्हणजे विल्यम कूपर. जॉन गिल्पिनच्या फजितीची गमतीदार कविता ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे नाव ठाऊक असेल. लोकांना हसवणारा हा कवी आयुष्यभर तीव्र नैराश्याच्या झटक्यांनी ग्रासलेला होता, हे मात्र फारसे माहीत नसते.

कूपरचा जन्म १७३१ चा. सहा वर्षांचा होण्याच्या सुमारास त्याची आई बाळंतपणानंतर गेली. पुढे निवासी शाळेत एका मोठ्या मुलाने त्याचा इतका छळ केला, की त्याच्याकडे मान वर करून पाहण्याचीही कूपरला भीती वाटे. मोठेपणी त्याने लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास केला. १७६३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये कामकाजाच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची जागा त्याच्यासाठी चालून आली. पण नेमणुकीला विरोध झाला आणि सभागृहापुढे तोंडी परीक्षा द्यावी लागेल असे ठरले. त्या परीक्षेच्या धास्तीने तो खचला. त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला.

नातेवाइकांनी त्याला सेंट आल्बन्स येथे डॉ. नॅथॅनिएल कॉटन यांच्याकडे ठेवले. मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधण्याचा तो काळ. डॉ. कॉटन मोजकेच रुग्ण ठेवत आणि त्यांच्याशी मायेने वागत. दीड वर्षात कूपर सावरला. बाहेर पडल्यावर अन्विन कुटुंबाने त्याला आपल्या घरी आसरा दिला. घरमालक वारल्यानंतर मेरी अन्विनबाई आणि कूपर १७६७ मध्ये ऑल्नीला राहायला आले.

१७७३ च्या सुरुवातीला आजार पुन्हा उलटला. एका स्वप्नानंतर देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे अशी कूपरची ठाम समजूत झाली, आणि आत्महत्येचा विचारही परतला. वर्षभराहून अधिक काळ तो गावच्या धर्मोपदेशकाच्या, जॉन न्यूटन यांच्या घरी राहिला. अन्विनबाई रात्रंदिवस त्याच्यापाशी होत्या. मे १७७४ मध्ये तो आपल्या घरी परतला, पण पुस्तकात मन लागत नव्हते आणि माणसांची सोबत सोसत नव्हती. मनाला काहीतरी गुंतवणूक हवी, पण तिचा शीण होता कामा नये, अशी ती अवस्था. नैराश्यातून उठू पाहणाऱ्या आजच्या रुग्णाचीही नेमकी हीच अडचण असते. नेमक्या त्याच वेळी ते पिल्लू घरात आले.

कूपर ससे पाळतो ही बातमी गावात पसरताच लोक इतकी पिल्ले घेऊन येऊ लागले, की एखादे कुरण भरले असते. त्याने तीनच ठेवली. तिघेही नर, पण त्यांतली दोन नावे मात्र बायकी : पस, टायनी आणि बेस. त्यांच्यासाठी त्याने स्वतः सुतारकाम करून घरटी बांधली. प्रत्येकाला झोपायला वेगळी पेटी, तळाला भोके, खाली मातीचे भांडे, म्हणजे बिछाना कोरडा राहावा. दिवसा ते घरातल्या मोकळ्या दालनात असत. संध्याकाळी त्यांना बैठकीत सोडले, की गालिच्यावर पाय रोवून त्यांच्या उड्या सुरू होत.

तिघांचे स्वभाव तीन तऱ्हांचे होते. बेस पहिल्यापासून धीट आणि खोडकर, पण तो लवकर मेला. टायनी कधीच माणसाळला नाही. कुरवाळायला गेले की गुरगुरे, पुढच्या पायांनी फटका मारी, प्रसंगी चावेही. पस मात्र कूपरच्या मांडीवर चढून बसे. एकदा तो तीन दिवस आजारी पडला. कूपरने त्याला इतरांपासून वेगळे ठेवले, पाला बदलून बदलून खाऊ घातले आणि बरे केले. बरा झाल्यावर पसने त्याचा हात चाटला : आधी वरची बाजू, मग तळवा, मग एकेक बोट. त्यानंतर रोज न्याहारी झाली, की कूपर त्याला बागेत नेई. काकडीच्या वेलाखाली तो झोपून राही. बागेत जायची वेळ टळली, तर पस कूपरच्या गुडघ्यावर पाय आपटून आठवण करी. तेवढ्याने भागले नाही, तर कोट दातांत धरून ओढी.

हा कोट ओढणारा ससा वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा आहे. नैराश्यात माणसाची हालचाल थांबते. हालचाल थांबली की मन अधिक खचते. हे चक्र तोडण्यासाठी आज उपचारात रुग्णाला ठरावीक वेळेची छोटी छोटी कामे दिली जातात. उत्साह येण्याची वाट पाहायची नाही. काम आधी, उत्साह मागून. कूपरला हे कुणी सांगितले नव्हते. पाला आणणे, वाळू पसरणे, पेटी साफ करणे यांतून त्याचा दिवस आपोआप आखला गेला. शिवाय प्राणी रुग्णाची पारख करत नाही, कारणे विचारत नाही. ज्याला देवानेही नाकारले असे वाटत होते, त्याची कुणाला तरी रोज गरज होती. कुरवाळण्याने ताण हलका होतो, ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढू शकते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. परंतु परिणाम सर्वांत सारखा नसतो.

पुढची दहा-बारा वर्षे कूपरच्या आयुष्यातली सर्वांत फलदायी ठरली. १७८२ मध्ये जॉन गिल्पिन आणि पहिला काव्यसंग्रह, १७८५ मध्ये द टास्क हे दीर्घकाव्य. न माणसाळलेला टायनी गेला तेव्हा कूपरने त्याच्यावर मृत्युलेख लिहिला. १७८४ मध्ये जंटलमन्स मॅगझिनमध्ये त्याने या सशांची सविस्तर हकीकत छापून आणली आणि अशा निरुपद्रवी जीवांची शिकार करण्यातल्या आनंदाबद्दल नापसंतीही नोंदवली. याचे सारे श्रेय सशांना देता येणार नाही. अन्विनबाईंची सेवा, बागकाम, सुतारकाम, कविता, मित्र या सर्वांचा त्यात वाटा होता.

पस ९ मार्च १७८६ रोजी म्हातारपणाने गेला. त्याचे वय ११ वर्षे ११ महिने होते, अशी नोंद कूपरने करून ठेवली. पुढच्याच वर्षी आजाराने पुन्हा उचल खाल्ली. पाठोपाठ अन्विनबाईंना पक्षाघाताचे झटके आले आणि १७९६ मध्ये त्या वारल्या. शेवटची वर्षे कूपरने गडद निराशेत काढली. २५ एप्रिल १८०० रोजी त्याचे निधन झाले. बो नावाचा लाडका कुत्रा त्याच्या उत्तरायुष्यात सोबतीला होता, पण वारंवार उलटणारा आजार केवळ प्राण्याच्या सोबतीने रोखला जात नाही. त्या काळी परिणामकारक औषधे नव्हती, आज आहेत.

म्हणून नैराश्याच्या रुग्णासाठी प्राणी आणायचा तो औषध आणि समुपदेशन यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नव्हे. रुग्ण अंथरुणातून उठत नसेल, तर प्राण्याचे खाणेपिणे कोण बघणार, हे घरच्यांनी आधी ठरवावे. नाहीतर मुक्या जीवाचे हाल होतात आणि रुग्णाला अपराधी वाटते. लसीकरण वेळेवर करावे. आपल्याकडे रानससा कायद्याने संरक्षित वन्यप्राणी आहे, तो पाळू नये. कुत्रा, मांजर पुरेसे आहे. प्राणी गेल्यावर रुग्णाचे दुःख हसण्यावारी नेऊ नये. आणि जीव देण्याचे विचार बोलून दाखवले, तर थांबू नये. त्या व्यक्तीला एकटे न सोडता जवळच्या रुग्णालयात न्यावे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते.