स्वच्छ हातांचे पुरस्कर्ते : डॉ. इग्नाझ सेमेलवाइस

रणांगण गाजविणाऱ्या वीरांचीं चरित्रें आपण आवडीनें वाचतों. परंतु केवळ हात धुण्याचा आग्रह धरून ज्यांनीं असंख्य मातांचे प्राण वांचविले, त्यांचें नांवहि पुष्कळांस ठाऊक नसतें. म्हणून डॉ. सेमेलवाइस यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सादर करीत आहों.

त्यांचा जन्म हंगेरींतील बुडा शहरीं १ जुलै १८१८ रोजीं झाला. कायद्याचा अभ्यास सोडून ते वैद्यकाकडे वळले, आणि १८४६ सालीं व्हिएन्ना येथील मोठ्या इस्पितळाच्या प्रसूतिगृहांत साहाय्यक झाले. तेथें दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. पहिल्या विभागांत सूतिकाज्वरानें शंभरांपैकीं सुमारें दहा बाळंतिणी दगावत. दुसऱ्यांत चारांहूनहि कमी. पहिल्या विभागांत आपणांस घालूं नये म्हणून स्त्रिया गुडघे टेकून विनवणी करीत.

हें दुःख सेमेलवाइस यांस स्वस्थ बसूं देईना. हवा दोन्हीकडे एकच, आणि गर्दी तर दुसऱ्या विभागांतच अधिक! मरणोन्मुखांकडे घंटा वाजवीत जाणाऱ्या धर्मगुरूंची भीति हें कारण असेल, असेंहि सुचविलें गेलें; परंतु त्यांचा मार्ग बदलूनहि मृत्यु घटले नाहींत. इतक्यांत मार्च १८४७ मध्यें त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळीं बोटास सुरी लागून वारले. त्यांच्या देहांत बाळंतिणींच्या रोगाचींच चिन्हें आढळलीं. तेव्हां उलगडा झाला. डॉक्टर व विद्यार्थी शवें फाडून तसेच प्रसूतिगृहांत येत. सुइणी शवांस स्पर्श करीत नसत. मृत्यु हातांवाटें येत होता, आणि ते हात डॉक्टरांचेच होते!

मे महिन्यांत त्यांनीं क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम केला. एप्रिलमध्यें शेंकडा अठरा असलेलें मृत्यूचें प्रमाण जूनमध्यें दोनांवर आलें. पुढें ऑक्टोबरांत वाहत्या व्रणाच्या एका रोगिणीस तपासून त्याच हातांनीं इतरांस तपासलें गेलें, आणि बारांपैकीं अकरा बाळंतिणी दगावल्या. तेव्हां प्रत्येक रोग्यानंतर हात धुतलेच पाहिजेत, असें त्यांनीं ठरविलें.

परंतु आपल्याच हातांनीं अनर्थ घडला, हें मान्य करणें अनेक विद्वानांस जड गेलें. सेमेलवाइस यांनींहि आपलें म्हणणें ग्रंथरूपानें मांडण्यास १८६१ साल उजाडूं दिलें, आणि विरोधकांस फार कठोर पत्रें लिहिलीं. व्हिएन्नांतील जागा गेल्यावर ते १८५० सालीं पेस्ट येथें परतले. तेथेंहि त्यांच्या रीतीनें मृत्यु घटले. शेवटीं त्यांचें मन ढळलें. १३ ऑगस्ट १८६५ रोजीं व्हिएन्नाजवळील मनोरुग्णालयांत, जखमेंतून अंगांत पसरलेल्या विषानें, वयाच्या ४७ व्या वर्षीं ते निवर्तले. पुढें १८७९ सालीं पाश्चर यांनीं सूतिकाज्वराचे जंतु दाखविले, आणि सेमेलवाइस खरे ठरले.

विद्यार्थिमित्रांनो, इस्पितळांत आजाऱ्यास भेटावयास जातांना त्यांचें स्मरण ठेवा. रोग्यास स्पर्श करण्यापूर्वीं व निघतांना साबणानें, बोटांच्या बेचक्या व नखें चोळून, हात धुवावे. हात दिसण्यांत स्वच्छ असतील तर तेथें ठेवलेलें मद्यार्कयुक्त द्रावणहि चालतें. रोग्यानेंहि जेवणापूर्वीं व शौचानंतर हाच नियम पाळावा. डॉक्टरांस किंवा परिचारिकेस हात धुतले का, असें नम्रपणें विचारण्यांत पालकांनीं संकोच मानूं नये. हा साधा प्रश्न १८४७ पूर्वीं कोणी विचारला असता, तर कित्येक लेंकरें पोरकीं झालीं नसतीं, असें आम्हांस वाटतें.