नागपूरचे भूगर्भशास्त्रज्ञ पाद्री : रे. स्टीफन हिस्लॉप

आपल्या शहराच्या आसपास विहीर खणूं लागलें, तर लवकरच काळा कातळ लागतो. याच कातळांत वेरूळचें कैलास लेणें कोरलेलें आहे. ज्वालामुखीचा रस थिजून हा दगड झाला, हें तुम्ही भूगोलांत शिकतां. परंतु रसाच्या एका थरावर दुसरा थर चढण्यापूर्वीं मध्यंतरीं येथें काय होतें, याचा शोध आरंभीं ज्यांनीं केला, त्यांत एक पाद्री होते.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजीं स्कॉटलंडमधील डन्स या गांवीं झाला. सन १८४४ च्या अखेरीस ते मिशनरी म्हणून मुंबईस उतरले व पुढील वर्षीं नागपुरास आले. तेव्हां तेथें भोसल्यांचें राज्य होतें. ते मराठी शिकले, आणि १८४६ मध्यें त्यांनीं शाळा काढली. नागपूरचें हिस्लॉप कॉलेज पुढें १८८३ मध्यें निघालें, तें त्यांच्याच नांवानें.

सन १८५१ मध्यें हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांस नागपूरजवळ टाकळी येथें जीवावशेष सांपडले. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्यें गाळाचा एक पातळ थर होता, व त्यांत गोड्या पाण्यांतील गोगलगाईंचे शंख, फळें, बिया, माशांचे खवले, इतकेंच काय पण किड्यांच्या पंखांवरील कठीण कवचेंही दगड होऊन राहिलीं होतीं. तप्त रसांत गोगलगाय जगत नाहीं. तेव्हां रस वाहून थिजला, त्यावर तळीं सांचलीं, कांठीं झाडें वाढलीं, आणि मग पुन्हा रसाचा लोट आला, असेंच मानणें भाग आहे. एका शंखावरून केवढी गोष्ट कळते पहा! हे थर तृतीय युगाच्या प्रारंभीचे असावेत, असा त्यांचा कयास होता. तो पुढें टिकला नाहीं. आज या कातळाचें वय सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षें मानतात, म्हणजे हे थर त्यांच्या अंदाजाहून जुने ठरले.

पाद्र्यानें दगड फोडीत कां बसावें, अशी शंका कोणास येईल. मला ती योग्य वाटत नाहीं. हिवाळ्यांत उपदेशासाठीं गांवोगांव फिरावें लागे, आणि ज्या वाटेनें मनुष्यांकडे जावयाचें, त्याच वाटेवर दगड पडलेले असत. अशा फिरतींत कामठीकडील वालुकाश्मांत त्यांस जुन्या वनस्पतींचीं पानें मिळालीं. चांदा जिल्ह्यांत मांगली येथें एका उभयचर प्राण्याची कवटी मिळाली, तिचें वर्णन लंडनमध्यें प्रोफेसर ओवेन यांनीं केलें. आणि पिसदुरा येथें प्रचंड सरटांचीं हाडें मिळालीं. त्यांचे व हंटर यांचे निबंध लंडनच्या भूगर्भ मंडळीच्या नियतकालिकांत छापून आले. मलेरी येथील मगरीसारख्या एका प्राचीन प्राण्यास पुढें शास्त्रज्ञांनीं 'पॅरासुकस हिस्लॉपी' असें नांव दिलें, व एका हिरवट खनिजासही त्यांचें नांव मिळालें.

गोंड लोकांच्या भाषेचा व चालीरीतींचाही त्यांनीं कसून अभ्यास चालविला होता. हें काम मात्र अपुरें राहिलें. सन १८६३ च्या सप्टेंबरांत ते मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासह टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहण्यास गेले. पावसाचे दिवस होते. ४ सप्टेंबर रोजीं परत येत असतां पुरानें फुगलेला ओढा उतरतांना ते बुडाले. शेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता.

त्यांच्या मागें राहिलेलीं टिपणें टेंपल यांनीं एकत्र केलीं व १८६६ मध्यें छापून काढलीं. त्यांत गोंडांचें लिंगोचें गीत आहे.