मेघनाद साहा आणि चार रुपयांची शिष्यवृत्ती

शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागून यादी शाळेच्या फळ्यावर लावली की दोन तऱ्हेचे पालक शिक्षकांच्या खोलीत येतात. ज्यांच्या मुलाचे नाव यादीत नसते त्यांची समजूत घालणे त्या मानाने सोपे. ज्यांच्या मुलाचे नाव असते ते रक्कम ऐकतात, थोडे थांबतात आणि विचारतात की एवढ्याने काय होणार? पुढे कॉलेजची फी आहे, पुस्तके आहेत, वसतिगृह आहे, एसटीचे भाडे आहे. हे सारे त्या रकमेत बसते का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे खरे उत्तर असे की बसत नाही. पूर्वीही बसत नव्हते. अशा वेळी मला डॉ. मेघनाद साहा यांच्या शिक्षणाचा हिशोब आठवतो आणि समोर बसलेल्या पालकांना तो मी सांगतो. पदार्थविज्ञान शिकलेल्यांना साहांचे नाव त्यांच्या समीकरणामुळे ठाऊक असते. तारे किती तप्त आहेत हे त्यांच्या प्रकाशावरून काढण्याचा मार्ग त्यांनी दाखविला. परंतु ते शिकले कसे आणि कोणाच्या पैशावर, हे फारसे कोणी सांगत नाही.

मेघनाद यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाक्याच्या परिसरातील शेवराताली या खेड्यात झाला. हा भाग आता बांगलादेशात आहे. चहूकडे नद्यानाले, पावसाळ्यात होडीवाचून शेजारच्या गावी जाता येऊ नये असा तो मुलूख. वडील जगन्नाथ साहा यांचे किराण्याचे लहानसे दुकान होते आणि घरात पाच मुलगे व तीन मुली. मेघनाद पाचवे अपत्य. थोरला भाऊ जयनाथ शिकला, पण मॅट्रिकला नापास झाला आणि ताग कंपनीत दरमहा २० रुपयांवर नोकरीस लागला. वडिलांनी यातून काढलेला निष्कर्ष कोणताही दुकानदार काढील असाच होता. दुकान चालविण्यास बेरीज-वजाबाकी पुरे, त्यापुढील शाळा म्हणजे वेळेचा अपव्यय. गावच्या प्राथमिक शाळेतील शिक्षकांना मात्र हा मुलगा दुकानात बसविण्याजोगा वाटला नाही. त्यांनी आणि जयनाथनेही वडिलांची मनधरणी केली. जयनाथचे मला येथे विशेष वाटते. स्वतः नापास झालेला मुलगा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी बापाशी बोलतो, हे आपल्या घरांतून रोज दिसत नाही.

पुढची शाळा शिमुलिया गावी, घरापासून सुमारे १० किलोमीटरवर होती. रोज जाणे-येणे अशक्य आणि राहण्या-जेवणाचा खर्च करण्याची ऐपत नाही. तेव्हा तेथील एक वैद्य अनंतकुमार दास यांनी मुलाला आपल्या घरी फुकट ठेवून घेण्याचे कबूल केले. अटी दोन. घरच्या गाईची देखभाल करावयाची आणि आपले जेवणाचे ताट आपण धुवावयाचे. दुसरी अट वाचताना थोडे थांबावे. ती जातीमुळे होती. साहा हे व्यापारी जातीचे, त्या काळच्या बंगाली समाजात खालचे मानले गेलेले. दासबाबूंनी मुलाला छप्पर दिले, अन्न दिले, आणि शिवाशिवीचा नियमही पाळला. पुढे साहांनी त्यांचे उपकार जन्मभर मानले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांतली एक सांगून दुसरी गाळणे बरे नव्हे.

१९०५ मध्ये मिडल स्कूलची परीक्षा झाली. मेघनाद साऱ्या ढाका जिल्ह्यात पहिला आला. या गुणवत्तेवर सरकारने त्याला दरमहा ४ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि ढाक्याच्या सरकारी कॉलेजिएट स्कूलमध्ये फीमाफीसह प्रवेश मिळाला. खेड्यातला बारा वर्षांचा मुलगा शहरात आला.

आता हिशोब पाहा. सरकारचे ४ रुपये. थोरला भाऊ जयनाथ आपल्या २० रुपयांतून दरमहा ५ रुपये पाठवी, म्हणजे पगाराचा चौथा हिस्सा. पूर्व बंग वैश्य समिती ही जातबांधवांची संस्था २ रुपये देई. तिन्ही रकमा जमेस धरल्या तरी ११ रुपये होतात आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा सरकारचा नव्हे, ताग कंपनीतल्या कारकुनाचा आहे. राहणे, जेवण, कपडे, पुस्तके, सारे यात. पण सरकारी ४ रुपयांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे फीमाफी असलेल्या चांगल्या शाळेचे दार उघडले. दुसरी म्हणजे घरी वडिलांपुढे बोलावयास तोंड मिळाले. मुलगा शिकतो आणि त्याचे सरकार पैसे देते, हे दुकानदार बापाला कळणारे गणित होते.

ही शिष्यवृत्ती मात्र फार काळ टिकली नाही. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला बंगालची फाळणी अमलात आली. नव्या प्रांताची राजधानी ढाका आणि लेफ्टनंट गव्हर्नर सर बॅम्फील्ड फुलर. बंगालभर निषेध सुरू होता. फुलरसाहेबांची शाळेला भेट ठरली तेव्हा विद्यार्थ्यांनी निषेध केला; मुले त्या दिवशी अनवाणी आली होती, असे सांगतात. मेघनाद त्यांत होता. शाळेने या मुलांना काढून टाकले. मेघनादची शिष्यवृत्ती गेली, फीमाफीही गेली.

शिक्षक म्हणून या प्रसंगाकडे पाहताना मला दोन्ही बाजू दिसतात. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला वरून हुकूम येतो आणि त्याचीही नोकरी असते. शाळेला शिस्त लागते हेही मान्य. पण ती शिष्यवृत्ती जिल्ह्यात पहिला आल्याबद्दल मिळाली होती. अनवाणी आल्याने गुणपत्रिकेतला एकही गुण कमी झालेला नव्हता. गुणांबद्दल दिलेला पैसा वर्तनाबद्दल काढून घेतला, की ती शिष्यवृत्ती राहत नाही, मर्जीची बक्षिसी होते. आणि दंड पडतो तो ज्याच्याजवळ काही नाही त्यालाच. सुखवस्तू घरचा मुलगाही त्या दिवशी निघाला असेल, पण त्याला केवळ शाळा बदलावी लागली.

ढाक्यातील किशोरीलाल ज्युबिली स्कूल या खाजगी शाळेने मेघनादला घेतले. फी माफ केली आणि थोडे वेतनही दिले. एका खाजगी शाळेच्या चालकांनी, सरकारने काढून टाकलेला मुलगा, तोही फी न देणारा, पदरात घेतला. आपल्यासारख्या संस्थांच्या चालकांना यातली जोखीम वेगळी सांगावयास नको. याच काळात बॅप्टिस्ट मिशनच्या बायबलच्या वर्गालाही मेघनाद जाऊ लागला आणि त्यांच्या परीक्षेत पहिला येऊन त्याने १०० रुपयांचे बक्षीस मिळविले. सरकारी शिष्यवृत्तीचे ते दोन वर्षांहून अधिक काळाचे पैसे झाले! १९०९ च्या एन्ट्रन्स परीक्षेत तो पूर्व बंगालच्या सर्व विद्यार्थ्यांत पहिला आला.

त्यानंतर ढाका कॉलेजात इंटरमीजिएटची दोन वर्षे. येथली एक गोष्ट महत्त्वाची. व्हिएन्नाहून शिकून आलेले प्राध्यापक नगेंद्रनाथ सेन यांच्याकडून तो जर्मन भाषा शिकला. ती पुढे कशी उपयोगी पडली हे येईलच.

१९११ मध्ये मेघनाद कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाला. शिकविणारे जगदीशचंद्र बसू व प्रफुल्लचंद्र राय, वर्गात सत्येंद्रनाथ बसू. अशी वर्गखोली पुन्हा जमणे कठीण. पण वर्गाबाहेरचे जग तेच होते. ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये उच्चवर्णीय मुलांनी त्याच्यासह जेवावयास हरकत घेतली आणि त्याला वेगळे बसून जेवावे लागले. अखेर वसतिगृह सोडून तो मेसमध्ये राहू लागला. १९१३ मध्ये बी.एस्सी. ऑनर्स आणि १९१५ मध्ये एम.एस्सी., दोन्ही वेळा दुसरा. पहिले अर्थात सत्येंद्रनाथ. हा दुसरा क्रमांक कोणालाही परवडावा असा आहे.

शिक्षण संपले तेव्हा घरची अपेक्षा चांगल्या सरकारी नोकरीची होती. साहांनी फायनान्स खात्याच्या परीक्षेला बसण्याचे ठरविले. परंतु क्रांतिकारकांशी परिचय असल्याच्या संशयावरून त्यांना परवानगीच मिळाली नाही. मग सकाळ-संध्याकाळ शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सायकलने जाऊन ते शिकवण्या करू लागले आणि त्यावर स्वतःचा व धाकट्या भावाचा खर्च चालविला. जयनाथने जे केले ते आता मेघनाद करीत होते. सरकारने नोकरी नाकारली म्हणून विज्ञानाला एक माणूस मिळाला, असे लिहिण्याचा मोह होतो. पण सायकलवर शिकवण्या करणाऱ्या तरुणाला तसे वाटले असेल असे मला वाटत नाही.

१९१६ मध्ये सर आशुतोष मुखर्जींनी साहा व बसू या दोघांना युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ सायन्समध्ये व्याख्याता नेमले. साहा नेमले गेले गणितात आणि लवकरच आले पदार्थविज्ञानात. प्रयोगशाळा जवळजवळ नव्हतीच. एम.एस्सी.च्या वर्गाला शिकविण्यासाठी ते स्वतः वाचीत आणि वाचता वाचता प्रश्न पडत. सूर्याच्या वातावरणात खूप उंचीवरही कॅल्शियमच्या अशा अणूंच्या रेषा ठळक दिसतात की ज्यांनी आपला एक इलेक्ट्रॉन गमावला आहे. हे कसे? जर्मन शास्त्रज्ञ एगर्ट यांचा एक निबंध त्यांच्या वाचनात आला. तो जर्मन भाषेत होता आणि ढाक्यात शिकलेली जर्मन येथे कामास आली. साहांनी दाखविले की अणूतून इलेक्ट्रॉन सुटणे केवळ उष्णतेवर अवलंबून नसते, दाबावरही असते. वर दाब अत्यंत कमी, म्हणून तेथे इलेक्ट्रॉन सहज सुटतो. तापमान आणि दाब दिला की किती अणू असे सुटले असतील हे सांगणारे समीकरण त्यांनी मांडले. ताऱ्यांच्या प्रकाशातील रेषांवरून त्यांचे तापमान काढण्याची किल्ली यामुळे हाती आली. हा निबंध १९२० मध्ये इंग्लंडच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये छापला गेला. तेव्हा त्यांचे वय २७ वर्षांचे होते.

आता आपल्या मुंबईचा संबंध येतो. परदेशी जाऊन काम करावयाचे तर पुन्हा पैसा हवा. १९१९ मध्ये साहांना कलकत्ता विद्यापीठाची प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. हे प्रेमचंद रायचंद म्हणजे मुंबईचे कापसाचे व्यापारी, ज्यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. कलकत्ता विद्यापीठाला त्यांनी १८६६ मध्ये २ लाख रुपये दिले होते. मुंबईतील शेअरबाजाराची ती प्रसिद्ध मंदी नुकतीच येऊन गेली होती आणि प्रेमचंदशेठ स्वतःच त्यात सापडले होते. त्या पैशावर अर्ध्या शतकानंतर ढाक्याकडच्या किराणा दुकानदाराचा मुलगा लंडनला गेला. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा खर्च झेपणारा नव्हता म्हणून त्यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात प्रा. फाउलर यांच्याजवळ काम केले, नंतर बर्लिनला नेर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळेत. १९२१ अखेर ते परतले.

पुढील आयुष्य मोठ्या माणसाचे आहे आणि ते पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९२३ पासून १५ वर्षे ते अलाहाबाद विद्यापीठात प्राध्यापक होते. १९२७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. अलाहाबादच्या काळात बी. एन. श्रीवास्तव यांच्यासह लिहिलेले उष्णतेवरील त्यांचे पाठ्यपुस्तक अनेक पिढ्यांनी वापरले. १९३५ मध्ये त्यांनी सायन्स अँड कल्चर हे मासिक काढले आणि नद्या, पूर, धरणे यांवर त्यात पुष्कळ लिहिले. बालपणीचा तो पाण्याचा मुलूख त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. देशाच्या फाळणीत ते जन्मगाव पाकिस्तानात गेले आणि निर्वासितांच्या मदतकार्यात साहा उतरले. १९५२ मध्ये ते कलकत्त्यातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. सभागृहात सरकारला अडचणीचे प्रश्न विचारण्यास त्यांनी संकोच केला नाही. ज्याची शिष्यवृत्ती बाराव्या-तेराव्या वर्षी गेली त्याला सरकारची भीती ती काय राहणार!

१९५२ मध्येच भारत सरकारने पंचांग सुधारण्यासाठी समिती नेमली. देशात निरनिराळ्या प्रांतांची तीसएक पंचांगे चालत होती. समितीचे अध्यक्ष साहा होते. १९५५ मध्ये अहवाल आला. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कचेरीकडे जात असता साहांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. समितीने सुचविलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र शके १८७९ या दिवसापासून, सुरू झाली. भारताच्या राजपत्रावर इंग्रजी तारखेशेजारी जी शक तारीख छापलेली असते, ती याच समितीच्या गणिताने काढलेली असते.