चुन्याचे पारखी जॉन स्मीटन

चुना आपल्या सर्वांच्या परिचयाचा. परंतु त्याची शास्त्रीय परीक्षा करणाऱ्या पुरुषाचे नाव आपल्याकडे फारसे ऐकू येत नाही. म्हणून जॉन स्मीटन यांचे अल्पचरित्र आम्ही येथे देत आहोत.

स्मीटन यांचा जन्म इंग्लंडात लीड्सजवळ ऑस्थॉर्प येथे १७२४ साली झाला. वडील वकील. मुलाने कायदा शिकावा ही त्यांची इच्छा; पण मुलाचा सारा जीव हत्यारांत. अखेर पित्याने हट्ट सोडला, हे आम्ही त्या पित्याचे मोठेपण समजतो. १७५३ साली स्मीटन रॉयल सोसायटीचे सभासद झाले.

प्लिमथपासून १४ मैलांवर भर समुद्रात एडिस्टोनचा खडक आहे. त्यावरील पहिले दीपगृह १७०३ च्या वादळात बांधणाऱ्यासह वाहून गेले. पुढचे लाकडी दीपगृह १७५५ साली जळाले. नवे बांधण्याचे काम स्मीटन यांजकडे आले. तेथे खरी अडचण दगडाची नव्हे, चुन्याची होती. साधा चुना हवेत आवळतो, पाण्याखाली मऊच राहतो. आणि येथे तर भरतीचे पाणी दिवसातून दोनदा सांध्यांवर येणार!

कठीण दगडाचा चुना कठीण, असा तेव्हा जाणत्यांचा समज होता. स्मीटन यांनी तो मानला नाही. ठिकठिकाणच्या चुनखडीचा चुना करून त्याचे गोळे त्यांनी पाण्यात ठेविले. वेल्समधील ॲबरथॉ येथील चुना पाण्यातही घट्ट झाला. असे का व्हावे? कुकवर्दी नामक रसायनज्ञाने दाखविलेल्या रीतीने त्यांनी ती चुनखडी नत्राम्लात विरघळविली, तेव्हा तळाशी चिकणमाती उरली. जिला हिणकस समजावे, तीच माती चुन्यास बळ देत होती! या चुन्यात त्यांनी इटलीतील ज्वालामुखीची माती समभाग मिसळली. आपले जुने गवंडी चुन्यात विटांची सुरखी घालीत, तेही याच जातीचे काम. भाजलेल्या मातीचा गुण त्यांस अनुभवाने ठाऊक होता.

बाहेरून ग्रॅनाइट, आत पोर्टलंडची चुनखडी, आणि प्रत्येक चिरा शेजारच्या चिऱ्यात खाचेने अडकविलेला, अशी ती बांधणी होती. १६ ऑक्टोबर १७५९ रोजी वर २४ मेणबत्त्या लागल्या. या कामाचा वृत्तांत स्मीटन यांनी १७९१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी ते निवर्तले.

सुमारे १२० वर्षांनी दीपगृह हलवावे लागले, ते सांधे सुटले म्हणून नव्हे; खालचा खडकच लाटांनी पोखरला होता. वरचा भाग प्लिमथ येथे पुन्हा उभारला आहे. बुंधा मात्र त्याच खडकावर, नव्या दीपगृहाशेजारी, अद्याप उभा आहे.