दिलेलं नाव

मार्गशीर्ष पौर्णिमेला पाळणा म्हणताना आपण दत्तात्रेय हे नाव घेतो. दत्त म्हणजे दिलेला, आत्रेय म्हणजे अत्रिऋषींचा पुत्र. देवाने स्वतःलाच अत्रि-अनसूयेच्या ओटीत दिलं, म्हणून तो दत्त. माझंही नाव दत्तात्रय, घरात दत्तू. सत्तर वर्षं ही हाक ऐकली, पण तिचा अर्थ मनात उतरला तो आमच्याच पेण तालुक्यातल्या एका महापुरुषाच्या चरित्रामुळे.

गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. आई रुक्मिणीबाई त्यांना विन्या म्हणत. घरचा फणस पिकला की पहिले गरे शेजारीपाजारी जात, मग घरच्यांना मिळत. देणारा तो देव आणि राखून ठेवणारा तो राक्षस, अशी शब्दांची सोपी फोड त्या माउलीने मुलाला शिकवली.

१९१६ साली विनायक परीक्षेला म्हणून मुंबईस निघाले आणि वाटेतच काशीला वळले. त्याच वर्षी ७ जूनला ते अहमदाबादजवळ कोचरब आश्रमात गांधीजींना भेटले. आश्रमात विनायकाचे विनोबा झाले. विठोबा, ज्ञानोबा, तुकोबा यांच्यातला हा ‘बा’ आपल्याकडे आदराने आणि मायेने लावतात. तो विशीतल्या पोराला मिळाला! धाकटा भाऊ बाळकृष्ण पुढे बाळकोबा म्हणून ओळखला गेला.

आईला संस्कृत गीता कळत नसे. मराठीत तूच कर, असं तिने मुलाला सांगितलं होतं. ती १९१८ साली गेली. १९३०-३१ मध्ये विनोबांनी मराठी समश्लोकी गीता रचली आणि नाव ठेवलं गीताई. गीतेत आई मिसळली. पवनारला धाम नदीपलीकडे राहायला गेले, त्या जागेचं नाव परमधाम.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी ८० एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर दिली. तिथून भूदान सुरू झालं आणि विनोबा वर्षानुवर्षं देशभर पायी हिंडले. मिळालेली काही जमीन खडकाळ निघाली, काही कज्जात अडकली, तरी लाखो एकर लोकांनी दिली. दान म्हणजे उपकार नव्हे, सारखी वाटणी, हा अर्थ ते गावोगाव सांगत. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीत, पवनारला त्यांनी देह ठेवला.

हे वाचलं तेव्हा माझ्या कपाटात एक हक्कसोडपत्र तयार होतं. रोह्याला कुंडलिकेकाठी वडिलांचं भाताचं खाचर आहे. बहिणीने फक्त सही करायची होती. ती नाही म्हणाली नसती, हेच मला जास्त लागलं. नाव दत्त आणि हात राखणाऱ्याचा! कागद फाडला. तलाठ्याकडे जाऊन वारस म्हणून तिचंही नाव लावायला अर्ज दिला. मी तिला काही दिलं नाही, तिचं होतं ते तिच्याकडे गेलं. सातबाऱ्यावर आता आम्हा दोघांची नावं आहेत.

यंदा पाळण्याला ती रोह्याहून पेणला येणार आहे. तिने दत्तू म्हणून हाक मारली की आता ओ द्यायला संकोच वाटणार नाही.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त.