‘जावा’तला ‘जा’

जावा मोटारसायकलच्या नावातला ‘जा’ एका माणसाच्या आडनावाचा आहे. फ्रांतिशेक यानेचेक हे ते गृहस्थ. त्यांच्या मुलखात गाडीला ‘यावा’ म्हणतात; आपण अक्षरे आपल्या पद्धतीने वाचली!

यानेचेक १८७८ मध्ये बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात जन्मले. शिकले यंत्रशास्त्र, पैसा मिळवला शस्त्रांत. १९२९ मध्ये शस्त्रांची मागणी आटली, तेव्हा त्यांनी जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटारसायकल घेतली. दोन नावे जोडून झाली जावा. पाचशे सीसीची ती गाडी महाग होती. धंदा बसला तो १९३२ च्या स्वस्त गाडीने. तिच्यात विलियर्सचे १७५ सीसीचे छोटे टू-स्ट्रोक इंजिन होते.

त्या साधेपणाचा वारसा पुढे अडीचशेच्या जावाकडे आला. तो किती मोलाचा, हे मला आमची जुनी जावा उघडताना कळले. अमरावतीहून अकोल्याला येताना, मूर्तिजापूरच्या अलीकडे, मे महिन्याच्या उन्हात पिस्टन धरला. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो. तेल कमी पडले की भिंतीला चिकटतो.

या इंजिनाच्या माथ्यावर व्हॉल्व्ह नाहीत. टाकी, कार्बोरेटर, सायलेन्सरच्या नळ्या काढल्या, हेडचे नट सोडले की सिलिंडर सरळ वर येतो. मिस्त्रींनी आधी खालच्या तोंडात फडके कोंबले. पिनचे लॉक आत पडले तर सारे इंजिन उकलणे आले. ओरखडे बोटाने चाचपून त्यांनी सिलिंडर बोअरिंगला दिला. पुढच्या मापाचा पिस्टन आणला, रिंगेच्या टोकांतली फट मोजली. रिंगेची टोके खुंटीवर नीट बसवूनच सिलिंडर खाली सरकवला, कारण टोक पोर्टमध्ये अडकले तर रिंग तुटते. त्या पाचशेचे काम रस्त्याकडेच्या टपरीत इतक्या सहज झाले असते, असे मला वाटत नाही.

यानेचेक यांना हे यश फार दिवस लाभले नाही. १९३९ मध्ये जर्मनांनी देश गिळला आणि १९४१ मध्ये ते वारले. त्यांच्या माणसांनी मात्र नव्या अडीचशेची आखणी लपूनछपून चालू ठेवली. १९४६ मध्ये ती गाडी जगापुढे आली. तिच्या वंशातल्या गाड्या १९६१ पासून म्हैसूरला बनू लागल्या, पुढे येझदी नावाने. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०१८ मध्ये जावा हे नाव भारतात परतले, पण फोर-स्ट्रोक इंजिन घेऊन. त्याच्या माथ्यावर व्हॉल्व्हही आहेत आणि कॅमही.